राजपुत्रांचे मास्तर : रियासतकार सरदेसाई

गेल्या वर्षी आमच्या सातव्या इयत्तेच्या वर्गात एक लहानसा प्रसंग घडला. शिवाजी महाराजांचा जन्म कोणत्या साली झाला, असा साधाच प्रश्न आम्ही विचारला होता. एका विद्यार्थ्याने १६३० हे साल सांगितले. दुसऱ्याने आदल्या रात्री घरी मोबाईलच्या पडद्यावर कोणते तरी जुने पुस्तक चाळले होते व त्यात त्याला १६२७ हे साल आढळले होते. त्याने ते वहीत नीट उतरवूनही आणले होते. दोघेही आपापल्या सालाला चिकटून बसले. वर्गात दोन पक्ष पडले. इतक्यात मागल्या बाकावरील एका मुलीने विचारले की, घडून गेलेली गोष्ट एकदाची घडून गेलेली असते, मग इतिहास बदलतो कसा? पुस्तके लिहिणारांना खरे ठाऊक नसेल तर त्यांनी ती लिहिलीच का?

घंटा झाली आणि आमची सुटका झाली. परंतु त्या मुलीचा प्रश्न आमच्या मनातून जाईना. जे अजून पुरते ठरलेले नाही ते मुलांना सांगावे की न सांगावे? सांगितले आणि उद्या ते चुकीचे निघाले तर?

हीच अडचण आमच्यापूर्वी सुमारे सव्वाशे वर्षे, याच शहरात, दुसऱ्या एका मास्तरांपुढे उभी राहिली होती. आपल्या वासण्याकडून अकोट्याच्या पुलावरून विश्वामित्री ओलांडून पलीकडे गेले की थोड्याच अंतरावर लक्ष्मीविलास राजवाड्याचे विस्तीर्ण आवार लागते. त्या आवारात महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे. राजा रविवर्म्याची चित्रे पाहण्यासाठी तुमच्यापैकी कित्येक जण तेथे जाऊन आले असतील. पण ही इमारत मुळात राजघराण्यातील मुलांच्या शाळेसाठी बांधलेली होती, हे थोड्यांच्याच लक्षात असते. या राजघराण्यातील मुलांना इतिहास शिकविण्याचे काम ज्यांच्या वाट्यास आले, ते गोविंद सखाराम सरदेसाई होत. महाराष्ट्र त्यांना रियासतकार म्हणून ओळखतो. स्नेही मंडळी त्यांना नानासाहेब म्हणत.

त्यांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या खेड्यात झाला. घराणे मध्यम स्थितीचे. कोकणातील मुलांनी शिक्षणासाठी घर सोडावयाचे, वार लावून अगर नातलगांकडे राहून शिकावयाचे व पुढे घाटावर नोकरी शोधावयाची, असा तो काळ होता. सरदेसायांचे माध्यमिक शिक्षण रत्नागिरीस व पुढचे पुणे-मुंबईस झाले. १८८८ साली ते बी. ए. झाले आणि १८८९ च्या आरंभी बडोद्यास येऊन सयाजीराव महाराजांच्या खासगी सेवेत रुजू झाले. वय अवघे तेवीस वर्षांचे. पुढील छत्तीस वर्षे त्यांनी या शहरात काढली.

त्यांना मिळालेली जागा वाचकाची होती. इंग्रजीत तिला रीडर म्हणत. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवावयाचे, त्यांतील सार काढून द्यावयाचे, हे तिचे काम. हा वाचक ज्यांच्यासाठी वाची, त्या महाराजांचीही कथा येथे दोन शब्दांत सांगितली पाहिजे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या एका शेतकरी कुटुंबातील हा मुलगा वयाच्या बाराव्या वर्षी, १८७५ साली, दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर आला, तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. ज्या वयात तुम्ही सातवीचे धडे वाचता, त्या वयात त्याने मुळाक्षरे गिरविली. म्हणूनच की काय, वाचनाची त्यांची भूक जन्मभर शमली नाही. पुढे १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणारा आणि १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणवून गावोगाव ग्रंथालये उभारणारा राजा तो हाच. अशा माणसापुढे रोज पुस्तक उघडून बसावयाचे, म्हणजे वाचकाला स्वतःला किती वाचावे लागत असेल याची कल्पना करावी.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच महाराजांच्या इच्छेवरून सरदेसायांनी दोन परदेशी ग्रंथ मराठीत आणले. एक इटलीतील फ्लॉरेन्सचा राजकारणी मॅकिआव्हेली याचा, राजाने राज्य कसे राखावे याविषयीचा. दुसरा सीली या इंग्रज प्राध्यापकाचा, इंग्लंडासारखे लहानसे बेट सातासमुद्रांवर कसे पसरले हे सांगणारा. दोन्ही पुस्तके मोठ्यांसाठी होती व आज ती क्वचितच कोणी उघडत असेल. परंतु आमच्या मते या भाषांतरांनीच त्यांची खरी तयारी झाली. राज्ये का चढतात आणि का पडतात, हे त्यांनी प्रथम जगाच्या इतिहासावरून पाहिले. घरच्या इतिहासाकडे ते नंतर वळले. त्याच सुमारास इंग्लंडात राष्ट्रांच्या कथा सांगणारी एक प्रसिद्ध ग्रंथमाला निघत होती. तिच्यातील पुस्तके मराठीत उतरवून घेऊन बडोद्याने राष्ट्रकथामाला या नावाने प्रसिद्ध केली. तेव्हा आपल्या शहरातील मराठी वाचणाऱ्या मुलाला दूरदूरच्या राष्ट्रांची कथा आपल्या भाषेत वाचावयास मिळत होती, ही गोष्ट अभिमानाने सांगण्याजोगी आहे.

यानंतर सरदेसायांकडे राजपुत्रांना शिकविण्याचे काम आले. युवराज फत्तेसिंहराव हे १८८३ साली जन्मलेले. त्यांच्या मागून जयसिंहराव, शिवाजीराव, राजकन्या इंदिराराजे व धैर्यशीलराव ही भावंडे. आठ-दहा वर्षांपासून पंधरा-सोळा वर्षांपर्यंतची ही मुले, म्हणजे तुमच्याच वयाची. मुले राजाची असली तरी शेवटी मुलेच. त्यांना आपल्या देशाचा इतिहास शिकवावयाचा, तर पुस्तक कोणते हाती द्यावे?

येथे मास्तरांची गाडी अडली. मराठ्यांचा सलग इतिहास म्हणून ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याचा १८२६ साली निघालेला ग्रंथ होता. तो इंग्रजी; शिवाय पेशवाई बुडविणाऱ्यांपैकीच एकाने लिहिलेला. त्याचे कॅपन साहेबांनी केलेले जुने मराठी भाषांतर होते, पण त्याची भाषा मुलांच्या गळी उतरणारी नव्हती. बखरी होत्या, पण बखरकारांना सालांची फारशी फिकीर नसे, आणि एकाने सांगितलेली गोष्ट दुसरा निराळीच सांगे. राहिले मूळ कागद. ते कोणाच्या वाड्यात माळ्यावर, कोणाच्या देवघरात, कोठे वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यासाठी गेलेले, आणि सारे मोडी लिपीत. मोगलांचा अगर त्यांच्यापूर्वीच्या सुलतानांचा इतिहास पाहावा, तर मराठीत त्याचा नीट ग्रंथच नव्हता.

तेव्हा सरदेसायांनी जे कोणीही कामसू मास्तर करील तेच केले. त्यांनी स्वतः टिपणे काढावयास आरंभ केला. इंग्रजी ग्रंथ वाचावयाचे, त्यांतून मुलांना समजेल अशा सरळ मराठीत धडा तयार करावयाचा, तो वर्गात शिकवावयाचा, पुन्हा वाचावयाचे, पुन्हा लिहावयाचे. पाहता पाहता वह्यांची चळत वाढली. एका वर्गासाठी केलेले हे काम इतरांच्याही उपयोगी पडेल असे दिसू लागले व त्यांतूनच १८९८ साली मुसलमानी रियासत हा ग्रंथ छापून निघाला. रियासत म्हणजे राज्य, अंमल. हिंदुस्थानच्या अर्वाचीन इतिहासाचे तीन मोठे विभाग करावयाचे, मुसलमानी, मराठी व ब्रिटिश, आणि प्रत्येकाची रियासत लिहावयाची, अशी ही योजना होती. १९०२ साली मराठी रियासतीचा पहिला भाग आला व पुढील तीस वर्षे तिचे भाग एकामागून एक येत राहिले. हा सारा व्याप नोकरी सांभाळून. लेखनाचे काम पहाटेच्या व रात्रीच्या वेळातले.

आता १८९८ या सालाकडे पुन्हा एकदा पाहावयास हवे, कारण त्याच वर्षी दुसरा एक ग्रंथ निघाला. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड त्या साली प्रसिद्ध केला. राजवाडे हे गावोगाव पायी हिंडून, लोकांच्या नाकदुऱ्या काढून, जुने कागद जमविणारे व्रतस्थ संशोधक. आधी कागद गोळा करा, त्यांची चिकित्सा करा, आणि सगळे जमले म्हणजे मग इतिहास लिहा, असा त्यांचा व त्यांच्या मागून १९१० साली पुण्यात निघालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातील अनेकांचा आग्रह होता. त्यांच्या दृष्टीने रियासती म्हणजे घाईचे काम होते. माळ्यावरचे कागद अजून खाली उतरले नाहीत, तोच बडोद्याचे हे गृहस्थ सलग कथा सांगून मोकळे होतात, हे त्यांस कसे रुचावे? आक्षेप आले, कित्येक तर कडक शब्दांत आले.

आमच्या मागल्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न हाच नव्हे काय? खरे पुरते ठाऊक नसेल तर लिहिलेच का?

सरदेसायांची बाजू समजून घेण्यासाठी मास्तराच्या जागी बसावे लागते. संशोधकाला थांबता येते. दहा वर्षांनी एखादा कागद मिळेल म्हणून तो वाट पाहू शकतो. वर्गातला मुलगा मात्र दहा वर्षांनी मुलगा राहत नाही. त्याला आज काही सांगितले नाही, तर तो काही न ऐकताच मोठा होतो, किंवा ज्याने सांगू नये त्याच्याकडून ऐकतो. म्हणून उपलब्ध आहे त्यावरून आज सांगावे, आणि नवे हाती आले की आपले सांगणे दुरुस्त करावे, असा मार्ग सरदेसायांनी पत्करला. यातील पहिला अर्धा भाग पुष्कळांना जमतो. दुसरा अर्धा, म्हणजे छापून निघालेले आपलेच पान आपल्या हाताने खोडणे, हे फार थोड्यांना साधते.

राजवाड्यांचे म्हणणे खोटे होते असे मात्र कोणी समजू नये. रियासतीच्या पहिल्या भागांत उणिवा आहेत, आणि आदरापोटी त्या झाकण्यात काही अर्थ नाही. मुसलमानी रियासत बहुतांशी इंग्रज ग्रंथकारांच्या आधारावर उभी आहे, कारण मूळ फारसी साधने लेखकाच्या आटोक्यात नव्हती; त्यामुळे त्या इंग्रजांचे पूर्वग्रहही काही ठिकाणी तसेच मराठीत उतरले. मराठी रियासतीतील पहिल्या भागांवरही पुढे मिळालेल्या कागदांनी पुष्कळ ठिकाणी चुका दाखविल्या. आणि त्या दाखविणारे कागद बहुधा त्या पुण्याच्या आक्षेपकांनीच उजेडात आणले होते. दोघांचे एकमेकांवाचून भागणारे नव्हते, असे आम्हास वाटते.

आमच्या वर्गातील भांडणाचा निकालही येथेच लावून टाकू. बखरींवरून व डफच्या ग्रंथावरून शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ सालचा मानण्याची चाल शंभर वर्षे होती, आणि जुन्या पुस्तकांत तेच साल सापडावयाचे. मग मावळातील जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली मिळाली. शकावली म्हणजे सालवार घडामोडींची नोंद. ती १९१६ साली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली. तिच्यात जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी होती, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे इतर पुरावे जुळत गेले, वाद मात्र पुष्कळ वर्षे चालला, आणि महाराष्ट्र शासनाने ही तारीख २००१ साली स्वीकारली. तेव्हा वहीत १६२७ उतरवून आणणारा आमचा विद्यार्थी खोटे बोलत नव्हता. त्याच्या हाती जुने पान लागले होते, आणि ते कोणत्या सालचे पान आहे हे पाहावयाचे त्याचे राहून गेले होते. घडलेली गोष्ट बदलली नाही. एका घरातला कागद बाहेर आला.

सरदेसायांच्या जगाच्या इतिहासाकडे पाहण्याच्या दृष्टीविषयी वर थोडे लिहिले. तिचा उत्तम नमुना ब्रिटिश रियासतीत आहे. इंग्रजांचा इतिहास म्हणून पुस्तक उघडावे, तर इंग्रज लवकर भेटतच नाहीत. आरंभी येतो तो प्राचीन काळचा व्यापार. कोणकोणती राष्ट्रे समुद्रावरून व खुष्कीने आपल्या देशाशी माल देत-घेत होती त्याची हकीकत. मग मलबारचा किनारा, मग पोर्तुगीज. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला, तो आभाळातून पडला नव्हता. मिरीच्या दाण्यासाठी साऱ्या युरोपची धडपड चालली होती आणि जुन्या वाटा इतरांच्या हाती होत्या, म्हणून आफ्रिकेला वळसा घालणारी नवी वाट शोधावी लागली. हे कळले म्हणजे १५१० साली गोवा पोर्तुगीजांनी का घेतला आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली तिचे मोल काय, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या घरची बोली कोकणी; त्या किनाऱ्यावरच्या हकीकती आम्ही लहानपणी आजीच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी ऐकल्या होत्या. त्यांचा धागा व्हेनिसच्या व अरबांच्या व्यापारापर्यंत जाऊन पोचतो, हे आम्हास प्रथम या पुस्तकाने दाखविले. महाराजांबरोबर सरदेसायांना युरोपचा प्रवासही घडला होता. जे देश पुस्तकात वाचले ते डोळ्यांनी पाहिल्याचा उपयोग अशा लेखनात झाला असलाच पाहिजे.

बडोद्यातील मुलांना मराठी रियासत वाचताना आणखी एक गंमत वाटेल. आपल्या शहरात मराठी बोलणारी इतकी घरे का, याचे उत्तर तिच्यात पानोपानी आहे. पिलाजीराव गायकवाड गुजरातेत कसे आले, त्यांच्या मागून दमाजीरावांनी येथे पाय कसे रोवले, हेच दमाजीराव १७६१ साली पानिपतावर लढून जिवंत कसे परतले, आणि त्यांच्या फौजेबरोबर, कारकुनांबरोबर, पुराणिक-वैद्यांबरोबर आपली घराणी इकडे कशी वसत गेली, हे सारे वाचताना आपल्याच आजोबा-पणजोबांची वाट पायांखाली येते. दांडिया बाजारातील अगर रावपुऱ्यातील जुन्या घरांत ज्यांचे बालपण गेले, त्या आमच्या पालकांपैकी काहींकडे रियासतीच्या जीर्ण प्रती अजून असतील. असल्यास त्या फेकून देऊ नयेत.

ज्या मुलांसाठी हे सर्व आरंभिले, त्यांचे पुढे काय झाले, ते लिहिताना हात अडखळतो. युवराज फत्तेसिंहराव १९०८ साली, पंचविशीतच वारले. शिवाजीराव १९१९ साली गेले. जयसिंहराव १९२३ साली गेले. पंधरा वर्षांत महाराजांचे तीन पुत्र काळाने नेले. मराठी रियासतीचा अखेरचा भाग छापून निघाला, तेव्हा त्या वर्गातील तीन विद्यार्थी हयात नव्हते. इंदिराराजे कूचबिहारच्या महाराणी झाल्या व त्यांनी १९६८ पर्यंत आयुष्य पाहिले. गादीवर पुढे फत्तेसिंहरावांचे पुत्र प्रतापसिंहराव आले. आपल्या शहरातील महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली त्यांच्याच काळात स्थापन झाले.

मास्तरांच्या स्वतःच्या घरीही तोच घाला पडला. त्यांचा मुलगा श्यामकांत मोठा बुद्धिमान. तो शांतिनिकेतनात शिकला होता व उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेला होता. तेथेच तो आजारी पडून ऐन तारुण्यात वारला. सरदेसाई १९२५ साली बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाले, त्याच सुमारास हा आघात त्यांच्यावर झाला. पुढे १९३४ साली त्यांनी श्यामकांतची पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. दुसऱ्यांच्या घरची शेकडो जुनी पत्रे वाचून त्यांवर इतिहास रचणाऱ्या या माणसाला स्वतःच्या मुलाची पत्रे सालवार लावताना काय वाटले असेल, हे आम्ही सांगू शकत नाही.

निवृत्तीनंतर ते पुणे-मुंबई लोहमार्गावरील कामशेत या लहान गावी, इंद्रायणीच्या परिसरात, घर बांधून राहिले. साठी उलटलेली, आता विश्रांती घ्यावी, असे कोणीही म्हटले असते. पण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कष्टाचे काम अद्याप पुढेच होते.

१८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा तिचे सरकारी कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. इनामांचे व वतनांचे तंटे तोडण्यासाठी ते त्यांना हवे होते, म्हणून पुण्यास एका कचेरीत ते जपून ठेवले गेले. यालाच पेशवे दप्तर म्हणतात. जुन्या काळी कागदांचे गठ्ठे चौकोनी कापडात बांधून ठेवीत. त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणत. असे पंचवीस हजारांहून अधिक मराठी रुमाल त्या दप्तरात होते, आणि एकेका रुमालात शेकडो कागद. शंभर वर्षे संशोधकांना तेथे मोकळेपणाने शिरकाव नव्हता. अखेर मुंबई सरकारने या दप्तरातील महत्त्वाचे कागद निवडून छापण्याचे ठरविले व ते काम सरदेसायांकडे सोपविले. पुण्यातील कित्येक विद्वानांना ही निवड पसंत पडली नाही. ज्यांनी आयुष्य कागदांत घालविले त्यांना बाजूस ठेवून हे काम बडोद्याच्या निवृत्त मास्तरास का द्यावे, असे त्यांना वाटले, आणि त्यांच्या दृष्टीने त्यात काही वावगे होते असेही म्हणवत नाही.

सरदेसायांनी हाताखाली थोडे मोडी जाणणारे साहाय्यक घेतले व १९३० पासून १९३४ पर्यंत पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले. त्यांत आठ हजारांहून अधिक कागद आहेत. सर्व रुमाल अक्षरन् अक्षर वाचणे चार वर्षांत मनुष्यशक्तीबाहेरचे होते. निवडीत काही सुटले असेल, काही तारखा चुकल्या असतील, आणि तसे दोष नंतर दाखविलेही गेले. परंतु जे कागद चार भिंतींआड होते ते कोणाही विद्यार्थ्याला रुपया-दीड रुपयाच्या नव्हे, तर ग्रंथालयातील फुकट वाचनाच्या टप्प्यात आले. पासष्टाव्या वर्षी आरंभून एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी हे काम हातावेगळे केले.

या कामी सरदेसायांच्या पाठीशी उभे राहिले ते बंगालचे थोर इतिहासकार सर जदुनाथ सरकार. या दोघांचा पत्रव्यवहार विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाला आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकला. एक कोकणातला, एक बंगालमधला. दोघांची भेट पडावयाची ती इंग्रजी पत्रांतून, कधी कामशेतच्या घरी, कधी एखाद्या किल्ल्यावर अगर रणभूमीवर. सरकारांना फारसी उत्तम येई. सरदेसायांना मराठी कागदांची नस ठाऊक. एकाला जे दिसत नसे ते दुसरा दाखवी. सरकार हे शिस्तीचे कडक व शब्दाचे परखड. मित्राची चूकही ते पोटात घालीत नसत, आणि सरदेसाई ती चूक दुरुस्त करीत. अशी मैत्री मिळणे हेही एक भाग्यच.

दप्तर छापून झाल्यावर सरदेसायांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला असला पाहिजे. त्यांनीच बाहेर काढलेल्या कागदांनी त्यांचीच जुनी रियासत ठिकठिकाणी शिळी करून टाकली होती. सत्तरीच्या माणसाने ती तशीच राहू दिली असती, तर कोणी दोष दिला नसता. ते पुन्हा लिहावयास बसले. शहाजी, शिवाजी, संभाजी, राजाराम, शाहू अशा एकेका व्यक्तीच्या नावाने त्यांनी मराठी रियासतीच्या पूर्वभागाची १९३५ पासून नवी मांडणी केली. त्यानंतर हाच सारा इतिहास मराठी न जाणणाऱ्यांसाठी इंग्रजीत तीन खंडांत लिहिला. तो १९४६ ते १९४८ या काळात प्रसिद्ध झाला. शेवटचा खंड निघाला तेव्हा त्यांचे वय त्र्याऐंशी वर्षांचे होते. राजवाड्यातील वर्गासाठी पहिले टिपण काढल्याला तेव्हा अर्धशतक उलटून गेले होते.

१९५६ साली त्यांचे आत्मचरित्र माझी संसारयात्रा या नावाने आले. १९५७ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. १९५८ च्या मे महिन्यात जदुनाथ सरकार कलकत्त्यास निवर्तले व पन्नास वर्षांची पत्रे थांबली. २९ नोव्हेंबर १९५९ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, कामशेत येथे रियासतकारांचा अंत झाला.

त्यांच्या पश्चात मराठी रियासत दुर्मीळ झाली होती. पुढे मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने ती स. मा. गर्गे यांच्या संपादकत्वाखाली आठ खंडांत पुन्हा छापली. जुन्या प्रती आता संगणकाच्या पडद्यावरही वाचावयास मिळतात. आमच्या वर्गातील त्या दोघा विद्यार्थ्यांनी या वर्षी शिवाजी महाराजांवरील भाग वाचावयास घेतला आहे. मागल्या बाकावरच्या मुलीने प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावरील आवृत्तीचे साल आपल्या वहीत टिपून ठेवण्यास आरंभ केला आहे.